घोरपडेकाकांच्या विन्स्लेडची उचकी

घोरपडेकाका आधी गाडीला नमस्कार करतात, मग माणसाला. नमस्कार म्हणजे हात जोडून नव्हे. बॉनेटवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे, मान जराशी कलती करायची आणि थांबायचं. आम्ही अमेरिकेतल्या कॅरी गावी नव्या घरी राहायला आलो त्या दिवशी मी व्हॅनमधून शेवटचे खोके उतरवत होते. तेवढ्यात समोरच्या घरातून पांढऱ्या मिशांचे, हाफपँट आणि बंडी घातलेले एक गृहस्थ रस्ता ओलांडून आले आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता आमच्या व्हॅनच्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले.

"हिला ताप हाय," ते म्हणाले.

"आत्ताच ओहायोहून ड्राइव्ह करत आलो ना," मी म्हटलं.

"तसला न्हवं. कुलंट कमी हाय. ऐक की जरा, कशी धापा टाकतीया." मग डोळे उघडून, "मी घोरपडे. कोल्हापूर. जेवायला आमच्याकडं या," म्हणाले आणि आले तसे परत गेले. इंजिन गार ठेवणारं ते कुलंट खरोखरच कमी होतं. जेवणाला तांबडा रस्सा होता.

मी एका औषध कंपनीत काम करते. गोळ्यांच्या डबीत घडी घातलेला एक बारीक अक्षरांचा कागद असतो, जो जगात कोणी वाचत नाही, तो लिहिणं हे माझं काम. त्यामुळे न विचारता इशारे देणाऱ्या माणसांबद्दल मला उपजतच आपुलकी आहे. काका तर इशाऱ्यांचं भांडारच निघाले. संध्याकाळी ते पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसत आणि गल्लीत वळणारी प्रत्येक गाडी न बघता ओळखत. कोणाचा बेल्ट किरकिरतो, कोणाच्या ब्रेकचं पॅड संपत आलंय, हे त्या गाडीच्या मालकाच्या आधी त्यांना कळे. मग ते चिठ्ठी लिहून त्या गाडीच्या वायपरखाली अडकवून येत. शेजारच्या बॉबला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला पार्किंगचा दंड झाला. आता तोच बॉब महिनाभर चिठ्ठी आली नाही तर स्वतःहून विचारायला येतो.

इलेक्ट्रिक गाड्यांशी मात्र काकांचं वाकडं होतं. आमच्या गल्लीत एकेकाने त्या घ्यायला सुरुवात केली तसे काका उदास व्हायला लागले. "गाडी म्हणायची का मिक्सर? आणि मिक्सरसुद्धा आवाज करतो की!" असं म्हणून ते घरात निघून जात.

त्यांची स्वतःची रोजची गाडी साधी होती. खरी गाडी गॅरेजमध्ये असे. हिरव्या रंगाची, दोनच सीटांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी अशी ती विन्स्लेड. विन्स्लेड ही इंग्लंडची जुनी स्पोर्ट्स कार. तिची कंपनी माझ्या जन्माच्या आधीच बुडाली. काकांनी ती पहिल्यांदा पाहिली ती बारा वर्षांचे असताना, वडिलांच्या कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या वर्कशॉपमध्ये. कोणा सरदारांची गाडी दुरुस्तीला आली होती आणि पोरगा दोन दिवस तिच्याजवळून हलला नाही. पुढे अमेरिकेत पंप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागल्यावर व्हर्जिनियातल्या एका शेतकऱ्याच्या कोठारात त्यांना तसलीच गाडी सापडली. आत कोंबड्या राहत होत्या. शालनकाकू ही हकीकत सांगताना दरवेळी पुस्ती जोडत, "नवी नवरी म्हणून आले होते मी. हे घरी काय घेऊन आले, तर एक गंजका डबा आणि सहा अंडी. तीही नासकी."

डब्याची गाडी करायला काकांना चार वर्षं लागली. एक भाग मात्र कुठेच मिळेना, कार्ब्युरेटरमधली सुई. इंजिनात किती पेट्रोल जायचं ते ही सुई ठरवते. शेवटी काकांनी ती स्वतःच पितळेची घडवली. केसाभराचा फरक राहिला. त्यामुळे गाडी उत्तम पळे, पण वळणावर पाय उचलला की इंजिन एकदा उचकी देई. हिक्. एकच. मग पुन्हा सुरळीत.

पण हे सगळं मी ऐकलेलं. मी राहायला आले तेव्हा ती गाडी कित्येक वर्षं सुरूच झालेली नव्हती. काका रोज तिला पुसत, टायरमध्ये हवा भरत, पण किल्ली फिरवत नसत. का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "कुठं जायचंय?"

आणि मग एके दिवशी मराठी मंडळाच्या ग्रुपवर बातमी आली की विन्स्लेड पुन्हा येणार! कोणा धनाढ्य अमेरिकन गृहस्थांनी ते नाव विकत घेतलं होतं. गाडी नव्हे, कारखाना नव्हे, नुसतं नाव. आमच्यापासून दोन तासांवर, बंद पडलेल्या एका कापडगिरणीत ते नवी विन्स्लेड बनवणार होते. काकांनी मला फोन केला, तोही मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना. "पोरी, लग्न ठरलं!" एवढंच ओरडले. मी अर्धा तास कोणाचं लग्न या विचारात होते.

त्याच आठवड्यात त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. जुन्या विन्स्लेडमध्ये कायकाय चुका होत्या आणि नवीत त्या कशा टाळाव्यात, याची अकरा पानं. टाइप मी केली. उत्तर येईल अशी मला तिळमात्र आशा नव्हती, पण आलं. कंपनीची मेगन नावाची एक मुलगी स्वतः भेटायला येणार होती.

मेगन आली. वय असेल पंचविशीचं, हातभर गोंदलेलं, कानात चारचार रिंगा. काकूंनी तिला पोहे दिले. काकांनी तिला गाडी दाखवली. मग तिने हळूच सांगितलं की नवी विन्स्लेड इलेक्ट्रिक असणार आहे.

काकांनी हातातली बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता पोरीची धडगत नाही.

"म्हणूनच मी आलेय," मेगन घाईघाईने म्हणाली. "तिला आवाज नाही. आम्हाला खऱ्या विन्स्लेडचा आवाज रेकॉर्ड करून तिच्यात घालायचाय. आत आणि बाहेरसुद्धा स्पीकर असतील, रस्त्यावर लोकांना ऐकू जाईल. सगळीकडे शोधलं. चालू स्थितीतल्या गाड्या दोनतीनच आहेत, आणि त्यांचे मालक हात लावू देत नाहीत. तुमची चालू होते?"

काकांनी विन्स्लेडच्या बॉनेटवर तळहात ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे पोरगी मुकी हाय, आणि आवाज आमच्या घरचा?"

मी इंग्रजीत भाषांतर केलं. मेगनने मान डोलावली.

"या गाड्या विकणार कुठं? कॅलिफोर्नियात पण?"

"मोस्टली कॅलिफोर्नियात," मेगन म्हणाली.

"मग होईल चालू," काका म्हणाले.

पुढचे दोन महिने आमच्या गल्लीने जे पाहिलं ते सांगून खरं वाटणार नाही. बहात्तर वर्षांचा माणूस सकाळी सातला गाडीखाली सरकायचा तो दुपारी जेवायलाच बाहेर यायचा. मंडळातले निम्मे इंजिनियर मदतीला आले. जन्मभर सॉफ्टवेअर केलेली मंडळी हातात पाना धरून फोटो काढून घेत. काका त्यांना पाच मिनिटांत हाकलून देत. शेवटी काकांसोबत टिकला तो एकटा बॉब, कारण तो प्रश्न विचारत नसे.

रेकॉर्डिंगचा मुहूर्त काकूंनी काढला. दसरा. दसऱ्याला तशीही सगळ्या कॅरीतली मराठी वाहनं पूजेला काकांच्या दारात येत. मेगनने घातलेली एकच अट होती की संपूर्ण शांतता हवी. मी ग्रुपवर तीन वेळा बजावलं. त्या दिवशी साठ-सत्तर माणसं जमली. विन्स्लेडला झेंडूचा हार घातला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मेगन आणि तिच्या माणसांनी इंजिनभोवती केसाळ माइक बांधले. काका इस्त्रीचा सदरा घालून आत बसले. सगळे श्वास रोखून उभे. काकांनी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, थांबलं, आणि मग असं काही गरजलं की माझ्या अंगावर काटा आला.

आणि सत्तर गळ्यांतून एकदम निघालं, "गणपती बाप्पा मोरया!"

मेगनने कानावरचे हेडफोन भिरकावून दिले. सगळ्यांनी जिभा चावल्या. खरं सांगते, कोणी ठरवून ओरडलं नव्हतं. नारळ फुटला, यंत्र सुरू झालं, की मराठी माणसाच्या तोंडून ते आपोआप निघतं, त्याला काय करणार! दुसऱ्या वेळी सगळे तोंडावर हात धरून उभे राहिले, तर काकूंच्या स्वयंपाकघरातून कुकरने शिट्टी दिली. तिसऱ्या वेळी जमलं. काकांनी इंजिन चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं, पाय उचलला. हिक्.

"व्हॉट वॉज दॅट?" मेगन म्हणाली.

"उचकी," काका अभिमानाने म्हणाले. कोणीतरी आठवण काढली की उचकी लागते, अशी आमच्यात समजूत आहे, हे मी तिला समजावून सांगितलं. तिने ते वहीत लिहून घेतलं.

या उचकीवरूनच पुढे रामायण झालं. महिन्याभराने कंपनीचं पत्र आलं. आवाज अप्रतिम आहे, मात्र ती उचकी काढून टाकणार आहोत, ग्राहकांना तो दोष वाटेल. सहीसाठी करारनामा जोडला होता. बारीक अक्षरं वाचायला काकांनी मला बोलावलं.

"लिही," काका म्हणाले. "उचकी काढायची असंल तर आवाज परत द्या. पैसे नकोत, पण उचकी ऱ्हायली पाहिजे."

"काका, एवढ्याशा आवाजावरून सगळं मोडायचं?" मी म्हटलं. "उचकी काय, सुईची चूक आहे ती. तुम्हीच म्हणता."

"लिही तू."

त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मी मुकाट्याने लिहिलं. बाहेर पडताना काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "रेवतीची उचकी आहे ती."

रेवती म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला असते. मी तिला फक्त फोटोत पाहिलं होतं. काकू सांगत होत्या, लहानपणी दर रविवारी काका तिला याच गाडीतून देवळातल्या मराठी शाळेत न्यायचे आणि आणायचे. शाळा सुटायच्या वेळी कोपऱ्यावरून हिक् ऐकू आलं की रेवती शाळेतल्या बाईंचं वाक्य अर्धं सोडून पळायची. जरा मोठी झाल्यावर तिला त्या गाडीची लाज वाटायला लागली, मला लांब उतरव म्हणायची. पण उचकी तीन गल्ल्या ऐकू जायची, लपणार कुठे! "त्या गाडीत दोघं बोलायचे हो भरभरून. घरात आले की गप्प. ती नोकरीला गेली त्या दिवशी हे दिवसभर गाडीखाली पडून होते. विमानतळावरसुद्धा आले नाहीत. तेव्हापासून गाडी सुरू केली नाही. फोनवर हे तिला विचारतात, हवा कशी आहे, आणि फोन माझ्या हातात देतात. गेल्या तीन वर्षांत तर ती आलीच नाही. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं."

मला एकदम लख्ख कळलं, काकांनी त्या दिवशी कॅलिफोर्नियाची चौकशी का केली होती. आणि मी मघाशी त्यांच्याशी जी हुज्जत घातली तिची मला फार लाज वाटली.

घरी जाऊन मी ते पत्र पुन्हा लिहिलं. इतक्या वर्षांत साइड इफेक्ट्स लिहून जी भाषा कमावली होती, ती सगळी पणाला लावली. मेगनने ते थेट मालकासमोर ठेवलं आणि त्याला दोन्ही आवाज ऐकवले. साफ केलेला आवाज चालू असताना तो फोनमध्ये बघत होता म्हणे. दुसऱ्यात हिक् आलं, तसा तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, पुन्हा लाव. उचकी राहिली.

गिरणीत गाडीचा समारंभ झाला तेव्हा काका कोट घालून आणि डोक्याला कोल्हापुरी फेटा बांधून गेले. नवी विन्स्लेड लालभडक, चकचकीत. मालकाने काकांना आत बसवलं. काकांनी बटण दाबलं, आणि त्या प्लास्टिकच्या मिक्सरमधून त्यांच्या गॅरेजचा आवाज आला. काका स्टीअरिंगवर थाप मारत लहान पोरासारखे हसत होते. बॉबने त्यांना मिठी मारली. परतताना रस्त्यात थांबून आम्ही सगळ्यांनी आइस्क्रीम खाल्लं.

आणि अकरा महिन्यांत कंपनी बुडाली.

कारणं काय ती मला नीट कळली नाहीत. पैसे लावणारे मागे सरले, बॅटऱ्या वेळेवर येईनात, मालकाला दुसरं कुठलं तरी नाव आवडलं. गिरणीला पुन्हा कुलूप लागलं. काका हाय खातील म्हणून मंडळातले चारजण त्यांची समजूत काढायला गेले. काका शांत होते. त्यांनी मेगनला फोन करून एकच विचारलं, झालेल्या गाड्या गेल्या कुठं?

फार नव्हत्याच झाल्या. काही इथेच गेल्या, काही फ्लोरिडात. कॅलिफोर्नियाच्या लोकांनी नुसती नावं नोंदवली होती. तिकडे एकही गाडी पोहोचली नव्हती.

काकांनी फोन ठेवला. त्यानंतर कित्येक दिवस ते पोर्चमध्ये दिसले नाहीत. गल्लीत कोणाच्याच वायपरखाली चिठ्ठी आली नाही. बॉब दोनदा येऊन विचारून गेला. मला त्या कंपनीचा असा राग आला की काय सांगू. बुडायचंच होतं तर एक गाडी तिकडे पाठवून बुडायला काय झालं होतं!

पंधरवड्याने मेगन निरोप घ्यायला आली. तिची नोकरी गेली होती. शेवटचं एक काम तेवढं शिल्लक होतं. समारंभातली ती लाल गाडी सॅन होजेजवळच्या, म्हणजे रेवतीच्या गावाशेजारच्याच, कोणा शौकिनाने घेतली होती. ती ट्रेलरवरून जाणार, आणि मेगन विमानाने जाऊन ती उतरवून घेऊन त्याच्या दारात पोचती करणार. काका खुर्चीतून उठले. आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा एका हातात मेगनला वाटेत खायला शंकरपाळ्यांचा डबा होता आणि दुसऱ्या हातात चिठ्ठी. दोन्ही त्यांनी मेगनच्या हातात दिलं. मेगनने चिठ्ठी वाचली, काकांकडे बघितलं आणि त्यांना नमस्कार केला. नमस्कार कसा करतात हे तिला कोणी शिकवलं होतं कोण जाणे.

त्यानंतरच्या रविवारी मी दुपारची त्यांच्याकडे बसले होते. काकू भजी तळत होत्या. काका टेबलाशी बसून घड्याळाकडे बघत होते, सकाळपासून तसेच बसलेत, काकू म्हणाल्या. तीनच्या सुमाराला काकांचा फोन वाजला. त्यांनी तो इतक्या घाईने उचलला की स्पीकर चालू झाला आणि त्यांना तो बंद करता येईना.

"बाबा!" पलीकडून धापा टाकत आवाज आला. "बाबा, आर यू हिअर? तू इथे आलायस?"

"न्हाई ग. मी घरात. खुर्चीवर."

"बट आय हर्ड यू! मी चहा करत होते. कोपऱ्यावर... तो हिक्... बाबा, दुसऱ्या कोणाच्या गाडीचा नाहीये तसा आवाज. आय जस्ट रॅन. मी रस्त्यात उभी आहे, चप्पल पण नाही घातली. रेड कार होती, एक मुलगी चालवत होती. तिने मला वेव्ह केलं. मला वाटलं तू मला न्यायला आलास."

काकांनी फोन दोन्ही हातांत धरला.

"हवा कशी हाय तिकडं?" ते म्हणाले.

"बाबा, हवा राहू दे ना!" ती रडतही होती आणि हसतही होती. "काहीतरी बोल. प्लीज."

"मला बोलायला येत न्हाई, बाळ," काका म्हणाले. "म्हणून तर गाडी पाठवली."

काकूंनी हात पुढे करून गॅस बंद केला, कढईतल्या तेलाचा आवाज मध्ये यायला नको म्हणून.